पत्र्याखालचा थर्माकोल

अण्णा, आमच्या गच्चीवर आज माणसं फोमच्या पाट्या बसवून गेली. उन्हाची धग घरात उतरू नये म्हणून. दुकानदार म्हणाला होता, ताई, हा आग धरत नाही. मी म्हटलं, बघू तरी, आणि त्याच्यासमोरच एक तुकडा पेटत्या काडीवर धरला. तो आक्रसला, काळा पडला आणि विझला. दुकानदार हसला. मला मात्र तुम्ही आठवलात, आणि आठवलात ते रागासकटच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग काही जात नाही, आता काय करू?

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि तुम्ही बार्शी रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजच्या कामावर होतात. भिंतींना गरम डांबर फासायचं आणि त्यावर थर्माकोलच्या जाड पाट्या चिकटवायच्या. संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा हातांच्या केसांत पांढरे दाणे अडकलेले असतात आणि आई ते झटकत बसते. आपली एकच खोली, वर पत्रा, खाली आईचा स्टो. वैशाखात आई म्हणायची, तवा कशाला हवा, भाकरी पत्र्यावरच टाकते. समोरच्या काकूंनी पत्र्याखाली थर्माकोल लावून घेतला तेव्हा तिनं तुम्हाला विचारलं, "आपल्याला कवा लावणार हो?" तुम्ही अंगणात थर्माकोलचा एक तुकडा ठेवलात आणि काडी लावलीत. भसकन पेटला तो. काळाकुट्ट धूर, आणि वितळून जळते थेंब टपटप खाली. "डांबराच्या भट्टीपाशी बगितलंय मी. हे डोक्यावर घिऊन स्टो पेटवणार हायस का?" आईनं पदरानं तोंड पुसलं. "कवातरी एकदा जळंल म्हून रोज भाजून घ्यायचं व्हय? लई शानपन हाय की तुमच्यात!" तुम्ही ओरडलात, "न्हाय म्हंजे न्हाय." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पत्र्यावर ओली पोती टाकायला लागलात. पाण्याची ती बोंब, आणि त्यातलं घागरभर रोज पत्र्यावर. आई म्हणायची, पत्र्याची आंघोळ झाली, आता माझ्यापुरतं ठेवा.

एका दुपारी ती भाकरी थापता थापता कोसळली. मी किंचाळले, काकू धावत आल्या, बायकांनी तिला उचलून समोर नेलं. त्या थर्माकोलखाली ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली, कपाळावर घामाचा थेंब नाही. तुम्ही कामावरून पळत आलात, दारात थांबलात आणि आधी वर छताकडे पाहिलंत, मग तिच्याकडे. हे मी पाहिलं, अण्णा. तोवर आईला जाग आली होती, तिनंही पाहिलं. "चला घरी," एवढंच म्हणाली, आणि थर्माकोलचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढचे सगळे उन्हाळे तिनं त्याच पत्र्याखाली काढले. तुमच्यामागंही काढले. मी म्हटलं, आता तरी लावून घेऊ, तर म्हणाली, "त्यांना चालणार न्हाय." गेलीसुद्धा त्याच खोलीत.

तुमचं खोटं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. जळते थेंब मी विसरलेली नाही, म्हणून तर दुकानात काडी ओढली. पण आपल्या जुन्या गल्लीतल्या कुणाचा फोन आला की मी इकडचं तिकडचं विचारते, आणि मग हळूच काकूंच्या घराचं. "लई गार हाय बग अजून. छताला काय धाड भरलीय?" मी बरं बरं म्हणून फोन ठेवते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. हे पत्र कुठं पाठवणार? आणि पाठवता आलं असतं तरी एवढं खोडलंच असतं: ते छत एकदा तरी पेटलं असतं, तर आई फुकट भाजली नाही असं म्हणता आलं असतं. त्याखाली आता काकूंची नातवंडं झोपतात, आणि तरी दर उन्हाळ्यात मी त्या बातमीची वाट बघते.