लाल की हिरवा

७ एप्रिल

निघाल्यापासून लिहायचं टाळतेय. वही उघडायची, पेन चावायचं, वही मिटायची. लाटांमुळे अक्षर हलतं, असं स्वतःला सांगत होते. आता नाव धक्क्याला बांधलेली आहे, पाणी ताटात वाढल्यासारखं शांत आहे, तरी अक्षर हलतंच आहे. म्हणजे हातच हलतोय.

काल आम्ही बुडणार होतो.

हं. लिहिलं एकदाचं.

नीट सांगते. बाबांची शिडाची नाव, ताईची दोन पोरं, बाबा आणि मी. शाळांना सुट्टी. बाबांचं कधीचं टुमणं होतं — नातवंडांना घेऊन बेटापर्यंत जायचं, राहायचं, परत यायचं. ताई नाहीच म्हणत होती. मग मी घरी टपकले, नेहमीसारखी, न कळवता, पाठीवर एक बॅग. ताई म्हणाली, "तू बरोबर जाणार असशील तर सोडते." मी! जिला साधं कॉलेज पुरं करता आलं नाही, जिचं बूड कुठे टेकत नाही, जिला आख्खं घर भिंगरी म्हणतं — तिच्या भरवशावर! तेव्हा हसू आलं होतं.

टिटवी नऊ वर्षांची. तोंड मिटत नाही म्हणून टिटवी. भोपळा तिचा धाकटा भाऊ, बिस्किटासाठी काहीही करेल. ते 'काहीही' लक्षात ठेवायला हवं होतं.

नावेवर बाबांनी एक खेळ काढला — लाल की हिरवा. पाण्यात वाट दाखवणारे बोये तरंगत असतात ना, बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला. बोया दिसला की रंग ओरडायचा. आधी ओरडेल त्याला बिस्किट. टिटवीच जिंकायची. ती नुसता रंग कुठली सांगतेय! "आजोबा हिरवा! थोडा उजवीकडे! वर पक्षी बसलाय, घाण करून ठेवलीय मेल्यानं!" बाबा खो-खो हसायचे. मला वाटायचं, काय हौशी आजोबा आहेत.

काल बेटाच्या बंदराच्या तोंडाशी टिटवीला उलट्या सुरू झाल्या. मी तिला घेऊन खाली केबिनमध्ये, डोकं बादलीवर धरून. वरून बाबा — "रंग?" भोपळा — "लाल!" "नीट बघ रे. कुठला?" "लाल लाल लाल!"

मग खालून आवाज आला. कुणीतरी दात खाल्ल्यासारखा. नाव थांबली, तिरकी झाली, भांडी माझ्या अंगावर. मी टिटवीच्या डोक्यावर पालथी पडले. काही सुचलंच नाही, फक्त तिचे केस मुठीत धरले. मोठी लाट आली, तिनं उचललं, सुटलो.

वर आले. बोया डावीकडे, हाताच्या अंतरावर होता. हिरवागार. भोपळ्यानं पाहिलाच नव्हता. आधी ओरडायचं एवढंच त्याला ठाऊक. "मी पहिला ना, मावशी? बिस्किट?"

त्याचं ठीक आहे. पण बाबा त्या बोयाकडे तोंड करूनच बसले होते. मग पाच वर्षांच्या पोराला का विचारलं?

८ एप्रिल

धक्क्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं बुडी मारून पाहिलं. रंग खरवडलाय, लाकूड शाबूत. त्याच्या डाव्या हाताला एक बोट कमी आहे, विचारायचं होतं, राहिलं. कुठे भरकटले!

बाबा हल्ली मान वाकडी करून बघतात, कोंबडीसारखं. मला वाटलं मान आखडलीय. चहा ओतताना कपात बोट घालून ठेवतात. मला वाटलं जुनी खोड. दोर हातात घेतला की बोटांनी चाचपतात. मला वाटलं, काय मुरलेला दर्यावर्दी!

आज ते वाऱ्याबद्दल सांगत होते. मी समोर उभी राहिले आणि जीभ काढली. पूर्ण. लहानपणी याच्यासाठी पाठीत धपाटा मिळायचा.

बाबा वाऱ्याबद्दल बोलत राहिले.

"बाबा, मी आत्ता काय केलं?"

मग म्हणाले, "काय केलंस?"

"कधीपासून?"

"मधलं गेलंय फक्त. कडेकडेनं दिसतं की! तुझ्या तोंडाच्या जागी धुक्याचा गोळा आहे. केस दिसतात. विंचरत जा जरा."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. म्हणजे बंदरापासून इथवर आम्ही टिटवीच्या बडबडीवर आलो! घरच्या बंदराबाहेर ते खडक आहेत, आम्ही त्यांना दाढा म्हणतो. दोन्हीकडे काळे सुळके, मधे फेस, तिथं बोयासुद्धा नाही. त्यातून आलो. टिटवी खडकांना नावं ठेवत होती, "हा जाडा, हा नकटा, आजोबा नकट्याला लागेल हं!" आणि मी शेंगदाणे खात होते.

"आईला माहीत आहे?"

"वेड लागलंय का! दुसऱ्या दिवशी सवत विकून मोकळी होईल."

सवत म्हणजे ही नाव. लग्न होऊन आली तेव्हा आईनं धक्क्यावरून हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली म्हणे, "ही आधीची का?" त्यानंतर तिनं हिच्यावर पाय ठेवला नाही. थट्टा करते, पण खरं कारण भीती. आई पाण्याला इतकी भिते की तळ्याकाठीसुद्धा झाडाला धरून उभी राहते.

बाबा म्हणाले, "ताईला सांगितलंस तर पोरं पुन्हा या नावेत येणार नाहीत. माझं आता दुसरं आहे काय, भिंगरी? कुणाला सांगणार नाहीस म्हण."

म्हटलं. गाढव आहे मी.

९ एप्रिल

वारा. दिवसभर दोर डोलकाठीवर आपटतायत, टक् टक् टक्. कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं.

आज भांडण. हळू आवाजात, पोरं वर खेळत होती.

"ओढून नेणारी बोट बोलावू."

"ओढून? त्यापेक्षा मला इथंच बुडव!"

"मग मी पोरांना घेऊन सामानाच्या बोटीनं जाते."

"जा. मी एकटा आणतो हिला."

आणि आणतीलच! त्यांना एकटं सोडलं तर दाढांमधून कोण सांगणार जाडा कुठे, नकटा कुठे? म्हणजे पोरं वाचवायची तर बाबा गेले. आणि बाबांना सोडायचं नाही तर पोरं नावेत. मला हे गणित सुटत नाही. शाळेतली तर कधीच सुटली नाहीत.

"मग सुकाणू माझ्याकडे द्या. तुम्ही सांगा, मी वळवते."

बाबा नुसते बघत राहिले. कडेनं. आमच्या घरात एक नियम आहे, आजोबांच्या आजोबांपासून — सुकाणू ज्याच्या हातात त्याला विचारायचं नाही, आणि त्याच्या हातातून ते मागायचं नाही. त्यानं दिलं तरच घ्यायचं. मी मागितलं. आमच्यात हे कुणी केलं नसेल.

"घराचं सुकाणू तुझ्या आईकडे आहे. तिला मी कधी विचारलंय?" एवढंच म्हणाले आणि वर गेले.

खरं सांगायचं तर त्यांनी दिलं असतं तर मी मेलेच असते. मला पाणी वाचता येत नाही. शिकवायला लागले की मी पळायचे, नाव चालवणं, पोहणं, टायपिंग, सगळ्यातूनच. मला फक्त निघता येतं.

१० एप्रिल

भोपळा विचारतो, "मावशी, तू सारखी आमचे जॅकेटचे पट्टे का ओढतेस?"

आज पोरांना दुकानाकडे नेलं. तिथल्या कुत्र्याकडे कुणाची तरी एकच चप्पल आहे. कुणाला देत नाही, झोपतानाही तोंडात. टिटवी त्याच्याशी बराच वेळ बोलली. मग मधेच मला म्हणाली, "मावशी, आजोबांना खरंच दिसत नाही का गं, की खेळतात?"

"असं का विचारतेस?"

"मी एकदा पांढऱ्या बोयाला लाल म्हटलं, गंमत म्हणून. ते हो म्हणाले." मग कुत्र्याला कुरवाळत, "मी परत नाही तसं केलं. आणि उलटी आली तरी आता खाली जाणार नाही. भोपळ्या चुकीचं सांगतो."

नऊ वर्षांची आहे ती! काय काय डोक्यावर घेऊन बसलीय! मी तिला सांगायला हवं होतं, हे तुझं काम नाही. मी म्हटलं, "चल, गोळ्या घेऊ."

दुकानातून आईला फोन केला. सांगायचं नव्हतंच, शब्द दिलेला. मग का केला? आवाज ऐकायला.

"कोण? भिंगरी? काय झालं?"

"काही नाही. असाच."

"पोरं?"

"मजेत."

"हे?"

"मजेत."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. "जेवलीस का?" म्हणाली. हो म्हटलं. अजून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि फोनच ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, घर सोडल्यापासून इतक्या गावांतून फिरले, आपणहून तिला कधी फोन केला नव्हता.

११ एप्रिल

वारा पडला. उद्या निघायचं, बाबा म्हणाले.

टिटवी दिवसभर एक शब्द बोलली नाही. आवाज राखून ठेवतेय.

१२ एप्रिल

सकाळी. सगळी तयारी झालीय. पोरांना जॅकेटं घालून पट्टे आवळले, भोपळा म्हणाला गुदमरतंय, तरी आवळले. टिटवी बाबांच्या डाव्या हाताशी बसलीय, ओठ कोरडे, डोळे ताणलेले. मला दोर सोडायला सांगितलंय. गाठ सुटत नाहीये. ती तशीच ठेवून खाली आले, पाणी प्यायला म्हणून. लिहीत बसलेय. मला वर जाऊन नाही म्हणायचंय. नुसतं नाही! एवढासा शब्द. सुकाणूवरच्या माणसाला कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलं नाही.

बाबा हाका मारतायत. जाते.

१२ एप्रिल, नंतर

घाईघाईत, धक्क्यावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून.

दोर सोडायला वाकले तेवढ्यात सामानाची बोट येताना दिसली. तिला आधी लागू द्यायची म्हणून बाबा थांबले. तिच्यावरून पोती उतरली, पिंपं उतरली, आणि मग काहीतरी रंगीत, दोन माणसांनी दोन्हीकडून धरलेलं.

बाबांनी मान वाकडी केली. "काय गं ते? रंग?"

टिटवी ओरडली, "नारिंगी!"

"नारिंगी? या वाटेवर नारिंगी बोया नाहीच."

"बोया नाही, आजोबा! जॅकेट घातलंय. आजी आहे!"

आईच होती, माझ्या त्या एका फोनवर निघून आलेली. गळ्यापर्यंत पट्टे आवळलेले, तोंड पांढरंफटक, पदराला ओकारीचा डाग. धक्का धरत धरत आमच्यापर्यंत आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. डोळे घट्ट मिटले, आणि पाय उचलून सवतीवर ठेवला.

नाव हलली. आई किंचाळली, तशीच बसली, बाबांच्या समोर.

"सरका," म्हणाली.

आणि बाबांनी सुकाणूवरचा हात काढला.