धाडीआधीचा एक फोन

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. गुवाहाटी
नवी वही घेतली. कोर्टात पुरावा लागतो आणि तो तारखेसकट लागतो, असं एका वकिलाच्या व्हिडिओत ऐकलं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता, मी सात मिनिटं बघितला. मुद्दा कळला.
पुरावा नंबर एक. आज आईला व्हिडिओ कॉल. आईला मागच्या वर्षी पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून मी तिला नाशिकला गंगापूर रोडच्या, म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये ठेवलंय. फोन नेहमीसारखा तिथल्या दिनेश वॉर्डबॉयने धरलेला. आईच्या डाव्या मनगटाला निळा-काळा वळ. गोल, सगळीकडून. मी विचारलं, हे काय? आई काही बोलायच्या आत दिनेश म्हणाला, काही नाय दादा, बांगडी रुतली.
फोन ठेवल्यावर आठवलं. वडील गेल्यापासून आईच्या हातात बांगडी नाही. बारा वर्षं झाली.
होमने दिली असेल. शहरात तसलं काही मानत नाहीत.
तरी पुरावा म्हणून लिहून ठेवला. संकल्प: होमवर केस करायची. मोठी.

३ नोव्हेंबर
तृप्तीला वळाचं सांगितलं. धाकटी बहीण, पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला. ती तिथंच रडायला लागली. मागून मुकादम बाई ओरडत होती, पेट्या कोण भरणार म्हणून. तृप्ती म्हणाली, दादा, होमला एका ओळीचा मेसेज टाक, बहिणीला भेटू द्या म्हणून. मी आज जाते, आईला घरी आणते.
मेसेजची भानगड अशी. आईला ठेवताना फॉर्मवर मीच लिहून दिलं होतं, की मुलाच्या परवानगीशिवाय कोणाला भेटू देऊ नये. तृप्तीने आईला परस्पर घरी नेऊ नये म्हणून. मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारात राहणार नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो, आजही बोललो.
ती म्हणाली, जावयाच्या दारात नको, आणि परक्याच्या दारात चालते व्हय?
उत्तर होतं. नेटवर्क गेलं.

९ नोव्हेंबर, रविवार
पुरावा नंबर दोन. आईचे केस कापलेत. पार बारीक. दिनेश म्हणाला, उवा झाल्या होत्या. गालाची हाडं वर आलीत. दिनेश म्हणाला, डाएट चालू आहे.
आईने एकच विचारलं. सोमा, आपली कपिली दाव्याला किती वर्षं होती रे? मी म्हटलं, नऊ. ती म्हणाली, नऊ. लय झाली. दिनेश हसला आणि फोन फिरवला.
आईची मेमरी चांगली आहे. कपिली गाय जाऊन वीस वर्षं झाली, तरी लक्षात. हा मुद्दा होमच्या बाजूने जातो, पण मी प्रामाणिक माणूस आहे, लिहितो.
जेवताना कपिलीच्या गळ्यावरचा दाव्याचा वण डोळ्यासमोर आला. केस निघून गेलेला गोल पट्टा. भात तसाच ठेवला. पोट ठीक नसेल.

१२ नोव्हेंबर
कोर्टासाठी पांढरा शर्ट घेतला, फॅन्सी बाजारातून. फुल बाही. घडी मोडायची नाही, तारखेलाच घालायचा.
खंडेरावशेठकडे सुट्टी मागितली. शेठ पिंपळगावचे, इथला त्यांचा कांदा मी उतरवून घेतो. शेठ म्हणाले, तीन गाड्या रस्त्यात हायेत, तू गेलास तर माल कोण बघणार? खरं आहे. गोणीच्या पोटावर हात ठेवला की आतला सडका कांदा मला कळतो. गोणीच्या तोंडाशी सगळेच मोठा, लाल, कोरडा कांदा लावतात. तोंड बघून माल घेणारा माणूस व्यापारात टिकत नाही. हे मी इथल्या पोरांना रोज सांगतो. शिक्षण सातवी, पण नजर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
चार वेळा फोन केला, कोणी उचलला नाही. पाचव्यांदा समोरून आला. खुद्द बाळाजीसर, होमचे मालक. आवाज असा गोड, की मी उभा राहून बोललो.
म्हणाले, सोमनाथराव, तुम्ही वॉर्डबॉयला वळाबिळाचं विचारता म्हणे. संशय असेल तर आईंना घेऊन जा. उद्या संध्याकाळपर्यंत बेड रिकामा करा, आमच्याकडे वेटिंग आहे.
मी म्हटलं, नाही नाही सर, संशय कसला.
ते म्हणाले, मग ठीक. दोनदा नमस्कार म्हणाले. मी तीनदा म्हणालो.
ही माझी चाल होती. शत्रूला सावध करायचं नसतं.
तृप्तीला चाल समजावली. ती म्हणाली, तुझी चाल होईस्तोवर आई राहील का रे दादा? बाया लगेच टोकाचं बोलतात.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
आत्ताच झालं ते लिहितो.
दिनेशला कोणीतरी हाक मारली. त्याने फोन खाटेवर टेकवला आणि गेला. आईचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती हळूच म्हणाली, सोमा, मला पाणी देत नाय रे. मुतती म्हणून. सांजच्याला हात बांधत्यात. तू ये.
पावलं वाजली. ती लगेच मोठ्याने म्हणाली, बरी हे मी, जेवली. फोन बंद.
आत्ताच शेठकडे निघालो.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
शेठकडे गेलो, काही ऐकून घेतलं नाही. चार दिवसांनंतरची सुट्टी मिळाली. अठ्ठावीसचं तिकीट काढलं.
प्लॅन: धाड. न सांगता जायचं. वळ, बांधलेले हात, सगळं मोबाईलमध्ये घ्यायचं. रंगेहाथ. मग पोलीस, मग कोर्ट.
तृप्ती म्हणाली, तोवर मेसेज तर टाक, मी आज संध्याकाळी जाते. मी म्हटलं, तू गेलीस की ते सावध होतील, केस कमजोर होईल. आठ दिवसांनी काय बिघडतंय? ती म्हणाली, आठ दिवस तू पाणी न पिता राहून दाखव.
राग आला. 

२४ नोव्हेंबर
सकाळी पाणी न पिता थोडा वेळ राहून बघितलं. दहा वाजता उकडायला लागलं, तेव्हा प्यायलो.

३० नोव्हेंबर, ट्रेनमध्ये
उद्या सकाळी नाशिकरोड. समोरच्या बाकावरच्या काकांना पूर्ण प्लॅन सांगितला. ते म्हणाले, शाब्बास, असा मुलगा पाहिजे.
दुपारी होमला एक फोन केला. फक्त टायमिंग विचारायला. बारा ते चार त्यांचं गेट बंद असतं, एवढ्या लांबून येऊन धाड वाया जायला नको. धाडीबद्दल एक अक्षर बोललो नाही. सहज येतोय म्हटलं. दिनेश म्हणाला, या की दादा, कितीला येताय? मी म्हटलं, अकरा. तो म्हणाला, जेवायलाच थांबा मग.
त्याला काहीही कळलेलं नाही.

१ डिसेंबर
धाड टाकली.
दारात रांगोळी होती. आई व्हीलचेअरवर, नवी साडी, डोक्याला तेल. अंगात स्वेटर, बाह्या पार बोटांपर्यंत. शेजारी टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या, तिन्हीचं सील न फोडलेलं.
मी मोबाईल काढला, तेवढ्यात बाळाजीसर टाळ्या वाजवत आले. मागे बॅनर: आदर्श सुपुत्र सत्कार. माझं नाव बरोबर लिहिलं होतं, वडिलांचंही. मला कळायच्या आत खांद्यावर शाल, हातात नारळ. फोटोग्राफर म्हणाला, सर, इकडे बघा. मला आजवर कोणी सर म्हटलेलं नाही.
मग हातात माइक दिला. समोर सगळे म्हातारे ओळीने बसवलेले. बोलावं तर लागतंच. मी म्हणालो, इथं माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त जपतात. टाळ्या झाल्या. आईने वाजवली नाही. तिचा एकच हात चालतो.
आईशी एकटं बोलायचं म्हटलं. बाळाजीसर म्हणाले, बोला ना, आणि खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, आई, काही त्रास? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या खांद्याकडे बघितलं. म्हणाली, शाल गरम दिसते.
बाही वर करून बघायची होती. हात पुढे केला होता. पण फोटोग्राफर अजून तिथंच होता, फोटोत ते बरं दिसलं नसतं.
अडीचची परतीची गाडी. शाल सोबत घेतली. पुरावा म्हणून.

२ डिसेंबर, ट्रेनमध्ये
तृप्तीचा फोन. मी म्हटलं, बघून आलो, तितकं वाईट नाही, स्वच्छता चांगली आहे. तिने फोन ठेवून फोटो पाठवला. होमने कालच सगळीकडे टाकलाय. मी, शाल, नारळ, खाली माझं वाक्य मोठ्या अक्षरात. मागे आई, जरा पुसट आलीय.
मग तिचा व्हॉइस मेसेज. म्हणाली, गोणीवर हात ठेवून सडका कांदा ओळखतोस ना रे तू? गावभर सांगत फिरतोस. आईच्या बाबतीत गोणीचं तोंड बघून आलास.
तीन वेळा ऐकला.
दुपारी होमला मेसेज टाकला, तृप्तीलाही पाठवला. तृप्तीला कधीही भेटू द्यावे. एकच ओळ, पण चारदा खोडून लिहिली. ती सारखी मागे लागते म्हणून टाकला. केसच्या दृष्टीने चूकच.

६ डिसेंबर
माझ्याशिवाय झालं सगळं.
तृप्तीने माझा मेसेज हातात धरून ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला, फोन लावला. मग पोलीस स्टेशन. आज सकाळी सहाला दोन पोलीस आणि हेल्पलाइनची एक मॅडम घेऊन थेट गेटवर. न कळवता. आई खाटेला बांधलेली सापडली, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी. आणखी चौघे तसेच. सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी वळ लिहून घेतले, पाठीची जखम लिहिली, अंगात पाणी कमी लिहिलं. बाळाजीसर आणि दिनेश, दोघांवर गुन्हा.
मी म्हटलं, माझ्यासाठी थांबायचं होतंस, मी शर्टसुद्धा घेऊन ठेवलाय.
तृप्ती म्हणाली, आई आज सलग दोन तांबे पाणी प्यायली. आणि फोन ठेवला.

१४ डिसेंबर
आई तृप्तीकडे, पिंपळगावला. जावयाच्या दारात. तात्पुरतं, म्हणून मी परवानगी दिली. तशी कोणी मागितली नव्हती.
केसचा मुख्य साक्षीदार मीच असणार, तारखांसकट वही माझ्याकडे आहे. गोडाउनमध्ये साक्षीचा सराव केला. पोरं म्हणतात, आवाजात दम आहे.

२६ डिसेंबर
होमच्या वकिलाने जामिनाच्या अर्जाला माझा फोटो जोडला. शाल, नारळ आणि ते वाक्य. म्हणजे मुख्य साक्षीदार मीच झालो. त्यांचा.

५ जानेवारी २०२६
रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. प्रांत कार्यालय. मला वाटलं, साक्षीचं समन्स. शेठसमोरच फोडलं, त्यांनाही दिसावं म्हणून.
अर्जदार: धोंडाबाई. सामनेवाला: सोमनाथ.
मी म्हटलं, टायपिंग चुकलंय. शेठने पुन्हा वाचलं. चुकलेलं नाही. ज्येष्ठ आईला परक्यांकडे टाकून दिलं, मुलीला भेटू दिलं नाही, असं लिहिलंय. खाली आईचा अंगठा. डावा.
तृप्तीला फोन केला. म्हटलं, हे तू करायला लावलंस. ती म्हणाली, नाय दादा. प्रांतसाहेबांनी आईला विचारलं, तुम्हाला तिथं कोणी ठेवलं? भेटायला कोणी बंदी केली? आईने दोन्हीला तुझंच नाव सांगितलं. साहेब म्हणाले, मुलावरही तक्रार करायची का? ती म्हणाली, करायची.
शेठने न मागता सुट्टी दिली.

८ जानेवारी
आईला फोन केला. पहिल्यांदाच फोन कोणी धरलेला नव्हता, तिच्याच हातात होता. सारखा हलत होता, कधी छत दिसायचं, कधी कान. केस थोडे वाढलेत.
मी बरंच बोललो. शेठ, गाड्या, रजा, नेटवर्क. ती ऐकत होती. शेवटी म्हटलं, आई, तारखेला येतो मी.
ती म्हणाली, ये. तारखेच्या आधी ये, जेव. पण येताना फोन करू नको.

११ जानेवारी, नाशिकरोड, सकाळी सात
उतरलो. कोर्टाच्या शर्टाची घडी मोडली, संडासाशेजारच्या आरशात बघून घातला. कॉलर घट्ट होते.
थंडी लय आहे. शाल अंगावर घेतली होती. मग काढली, घडी घातली, पिशवीत वर ठेवली. ती आईला द्यायची आहे.
पिंपळगावची एसटी लागलेली आहे. सवयीने फोन काढला, पोचतोय सांगायला. तृप्तीचा नंबर काढला.
परत खिशात ठेवला.