सासऱ्यांच्या नावाचा खटला

भेस्तान, सुरत
३ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप आबा आणि आई यांच्या पायांवर सुषमाचं डोकं. (डोक्यात सध्या कायद्याची कलमं कोंबलेली आहेत, त्यामुळे नमस्कार जरा जड लागेल. सांभाळून घ्यावा.)

आम्ही इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला फोनवर तुम्ही "एकदम बरा" म्हणालात आणि मागून आई "काही बरा नाही" म्हणाल्या, म्हणून विचारते. आईंनी पाठवलेला बिबड्यांचा डबा पोचला. चेतनने अर्धे न भाजता खाल्ले, उरलेले तुमच्या चिरंजीवांनी भाजून खाल्ले, मला डबा घासायला मिळाला. चेतन नववीत आहे आणि मी एलएल.बी.च्या पहिल्या वर्षात. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच टेबलाशी अभ्यासाला बसतो. तो मला विचारतो, मम्मी, तुझी सहामाही कधी? असं उलटंपालटं चाललंय सगळं.

पहिल्या वर्षाचं तुम्हाला माहीतच आहे. आधीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली होती, एकच उरलं होतं. पण ते कॉलेज म्हणजे काय सांगू! साडीच्या दुकानावर दोन खोल्या, पुस्तकांचं एक कपाट, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ मी असेपर्यंत तरी कधी आले नाहीत. सर गाइडातून लिहून द्यायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. दोन वर्षांत मी एकदासुद्धा उभी राहून तोंड उघडलं नाही, आणि वकील व्हायला निघाले होते! म्हणून इकडच्या मोठ्या कॉलेजाचा फॉर्म भरला, नंबर लागला, आणि तिथे सांगितलं की आधीची दोन वर्षं धरणार नाही, पहिल्यापासून बसा. त्यावर सगळा गाव हसला. शाळेत माझ्या वर्गात असलेल्या सुरेखाची धुळे कोर्टात दहा वर्षं पाटी लागलेली आहे, आणि मी छत्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीच्या बाकावर. तुमचे चिरंजीवसुद्धा म्हणाले, अगं, एका वर्षात सुटली असतीस. फक्त तुम्ही एसटीडीवर म्हणालात, "चांगल्या मास्तरच्या हाताखाली पुन्हा पहिलीत बसायला लाज कसली?" आबा, त्या दिवशी बूथमधून बाहेर येऊन मी रडले. (बूथवाल्याला वाटलं बिल जास्त झालं. त्याने दोन रुपये कमी केले.)

तर आता खरी हकिगत. आमच्याकडे खोटं कोर्ट भरवतात. मॅडम मनानेच एक खटला रचतात, मुलं दोन्हीकडचे वकील होतात आणि मॅडम जज्ज. त्याचे मार्क धरतात. यंदाचा खटला असा : एका मिलने एका कामगाराला नोटीस न देता कामावरून काढलं, तो मिलविरुद्ध कोर्टात गेला. चिठ्ठ्या टाकल्या. मला मिलची बाजू आली. सोपी बाजू, सगळी कागदपत्रं मिलकडे. वर्गातली पोरं म्हणाली, सुषमाबेन, तुम्ही जिंकल्या. मी आनंदाने कागद उघडला आणि तसाच मिटला. मॅडमना जगात दुसरं नाव सुचलं नाही हो! त्या कामगाराचं नाव तुमचं होतं. अगदी तेच, काना-मात्रेसकट. म्हणजे मी उभी राहून सांगणार, हा माणूस आळशी आहे, हा रोज उशिरा येतो, याला काढला हे बरंच झालं. तुमचं नाव घेऊन! मी तडक परागकडे गेले (हा बँकेतल्या मुकुंदरावांचा मुलगा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि पंधरा पट हुशार) आणि म्हटलं, बाबा रे, बाजू बदल. तो एका पायावर तयार. जिंकायची बाजू कोण हातची सोडतं? घरी येऊन डाळीला फोडणी घालताना माझ्या डोक्यात उजेड पडला की मिलच्या वकिलाने नुसतं "सदर कामगार" म्हटलं तरी भागतं. कामगाराच्या वकिलाला मात्र आपल्या अशिलाचं नाव घ्यावंच लागतं, आणि तेही उठता-बसता. मी डोक्यावर हात मारून घेतला, तोवर जिरं जळून गेलं होतं.

सुनावणीच्या दिवशी पांढरी साडी आणि काळा कोट असा हुकूम होता. सुरतेत छापलेली साडी वाटेल तेवढी मिळते, कोरी पांढरी शोधून दाखवावी. शेवटी तुमच्या चिरंजीवांनी सचिन गावच्या त्यांच्या मिलमधून छपाईला जाण्याआधीचं कापड रीतसर विकत आणलं आणि मी सकाळी सातला ते नेसून निघाले. हे रात्रपाळी करून आत झोपलेले. बोळात धूळ उडाली, डोळ्यात गेली, मी पदराने डोळे पुसत रिक्षाकडे पळाले. एवढंच झालं. पण समोरच्या लोटूअण्णांच्या बायकोने मला पाठमोरी पाहिलं, पांढरं लुगडं पाहिलं, डोळे पुसताना पाहिलं, आणि "काय व्हयनं वं माय!" करून असा हंबरडा फोडला की दहा मिनिटांत आपल्या ओट्यावर वीस माणसं. लोटूअण्णा तर तिरडीचं सामान आणायला सायकल काढून उभे होते. आतून हे उठले, दाराबाहेर आले, एवढी माणसं गप्प बसलेली पाहून त्यांनीही चेहरा पाडला आणि शेजारच्या राघोच्या बाजूला बसून हळूच विचारलं, "कोण गेलं?" राघो बेशुद्ध पडायचा राहिला. (आईंना हे सांगू नका. सांगितलंत तर आधी त्यांचा मुलगा धडधाकट आहे हे सांगा आणि मग बाकीचं.)

इकडे मी कोर्टात उभी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बेन, असीलनुं नाम बोलो." (एकदा जज्ज झाल्या की आपणच रचलेलं त्या विसरतात, वकिलाच्या तोंडून येईल तेवढंच धरतात.) आबा, मी चौदा पानं पाठ केली होती. सगळी आली असती. पण नाव म्हटल्याबरोबर माझा हात आपोआप डोक्यावर पदर घ्यायला गेला. पदर कोटाच्या आत दाबलेला, तेव्हा ओढल्याबरोबर पदर नाही आला, अख्खा कोट डोक्यावर आला. त्या काळ्या गुहेतून मी म्हटलं, प्रभू रामचंद्राचंच एक नाव आहे. मॅडम म्हणाल्या, राम? मी म्हटलं, नाही, घराण्याच्या बाजूने या. त्या म्हणाल्या, दशरथ? मी म्हटलं, जवळ आलात. मी आणखी काही सांगणार तोवर कारकून झालेल्या मुलीने "दशरथ" लिहूनसुद्धा टाकलं! आणि मी मूर्ख, सुटले एकदाची म्हणून पुढची वीस मिनिटं दशरथासाठी अशी भांडले, अशी भांडले की मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. मग पराग उठला. तो एवढंच म्हणाला की बेनचं बोलणं फार छान झालं, पण मिलने दशरथ नावाच्या कोणालाही काढलेलं नाही. खटला निकाली. मी हरले. माणूस खरा, अन्याय खरा, फक्त नाव चुकलं म्हणून.

नंतर मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, बोलणी बसणार. मी सगळं सांगितलं की आमच्यात सासऱ्यांचं नाव घेत नाहीत, सासूबाईंनी पन्नास वर्षांत ते फक्त उखाण्यात घेतलंय. (वर्गातल्या मुलींनी मलाही उखाण्याचा सल्ला दिला होता. त्यांना कोण सांगणार की उखाणा नवऱ्याचा असतो, सासऱ्याचा नव्हे!) मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आणखी एक संधी देते, पण नाव बदलून देणार नाही. वकीलच अशिलाचं नाव घेणार नसेल तर त्या बिचाऱ्याने कोणाकडे जायचं? घरी आल्यावर हे म्हणाले, घेऊन टाक, आबांना तिकडे कुठे ऐकू जातंय? ऐकू जाणार नाही हे खरं आहे. पण मला तर ऐकू येईल ना!

असो. पत्र फार लांबलं. पाकिटावरचा पत्ता चेतनने लिहिलाय, कारण तुम्हाला आता कळलंच असेल. गुडघ्याला शेक देत जा. ओट्यावरून उडी मारून उतरू नका, तुम्ही आता चौऱ्याहत्तरचे आहात. आईंच्या पाया पडते.

तुमची आज्ञाधारक (असं अजून तरी म्हणते),
सुषमा

ता. क. : एक लहानसं काम होतं. चौदा तारखेला, शनिवारी, दुसरी सुनावणी आहे. हिशेबाने तुमचं नाव मला अठ्ठावीस वेळा घ्यावं लागेल, पराग मध्ये फार बोलला तर तीस. तेवढी परवानगी उलट टपाली कळवावी. आईंना विचारलंच पाहिजे असं नाही.

ता. क. २ : वर जे लिहिलं ते हसण्यावारी नेऊ नका, म्हणून खरं सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमचा डबा घेऊन मी लेबर कोर्टात यायची, आठवतं? तुम्हाला मिलमधून काढलं होतं. तुमचा वकील प्रत्येक तारखेला तुम्हाला राघवभाई म्हणायचा. कागदावरही राघवभाईच लिहिलेलं. आणि तुम्ही दर वेळी, राघवभाई म्हटलं की, टोपी नीट करून उभे राहायचात. त्या कोर्टात तुमच्याखेरीज तुमचं खरं नाव माहीत असलेली मी एकटी होते, आणि मी नवी सून, डोक्यावर पदर घेऊन, डबा मांडीवर घेऊन गप्प बसले होते. शेवटी कागद जुळत नाहीत म्हणून तुम्ही हरलात आणि गावी गेलात. एका शब्दाने तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत. मी वकिली शिकते ती त्या गप्प बसण्यापायी. दोन वर्षं वाया घालवून पुन्हा पहिलीत बसले तीही त्यापायीच, कारण आधीच्या कॉलेजात माझा तसलाच वकील झाला असता.

ता. क. ३ : तुमच्या उत्तराची वाट पाहणार होते, पण राहवलं नाही. (पाकीट अजून टपालात टाकलेलं नाही.) आज सकाळी हे कामावर गेले, चेतन शाळेत गेला, मी दार लावलं आणि मोठ्याने म्हटलं. काही झालं नाही, आबा. घर जागच्या जागी आहे. डोळ्यांना थोडं पाणी आलं, बस. मग पुन्हा म्हटलं, आता लिहूनही टाकते : न्यायमूर्ती महाराज, माझ्या अशिलाचं नाव रघुनाथ दगा बोरसे.