कडेचं कापलं

चिखली, २० नोव्हेंबर

प्रिय राम,

जयभीम. तुझा फोन मी तीनदा कापला. उचलला असता तर शिव्याच दिल्या असत्या. लिहिताना माणूस जरा तरी सभ्य राहतो.

'आपलं गाव, आपले फोटो' हे तुझं प्रदर्शन गाजलं म्हणे. गाजणारच. फीत कापली, शाली वाटल्या. गावात आलेली पहिली एसटी, शाळेची पहिली तुकडी, दुकानाच्या ओट्यावर बसलेले सईदभाई, सगळं होतं. नव्हती ती फक्त माझी आई.

तलावाचा फोटो मी तुझ्या हातात दिला होता, आठवतं ना? बहात्तरच्या दुष्काळात आपला तलाव खोदला, तेव्हाचा. इथल्या उकंडराव हजेरी कारकुनाच्या ट्रंकेत तो त्यांच्या मुलाला सापडला. मागे शाईने लिहिलेलं: 'महादेवराव मुकादम, केसरबाई व इतर चार बाया.' मी दोन वर्षांचा असताना आई, म्हणजे ही केसरबाई, गेली आणि घरात तिचा एकही फोटो नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? शाळेत तूच विचारायचास, "तुही माय कशी दिसे बे?" मी रोज नवी थाप मारायचो आणि तू रोज खरी मानायचास.

फोटोत पाचही जणींच्या डोक्यावर पदर, हातात घमेली. माझी कोणती ते कळेना. सांगणारं माणूस एकच उरलं होतं, आईबरोबर खडी फोडणाऱ्या अन्नपूर्णाबाई. त्या जळगाव जामोदला लेकीकडे. फोनवर म्हणाल्या, "दिवाळीले येतो नं मी गावात. केसरले मी नाही वळखणार तं कोन?" तेवढ्यात तू फोटो मागितलास, चार दिवसांच्या बोलीवर. मी दिला. मोबाइलमध्ये काढून ठेवायचं सुचलं नाही, हा गाढवपणा माझा. मित्रावर विश्वास ठेवला, हा दुसरा.

दिवाळीनंतर म्हातारीला हाताला धरून हॉलमध्ये आणलं. सोनेरी फ्रेमीत तुझे वडील छत्री घेऊन एकटेच उभे. खाली 'तलावाचे शिल्पकार कै. महादेवराव'. कडेला अर्धं घमेलं आणि ते धरणारी चार बोटं. म्हातारी काचेला नाक लावून बोटांकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बाया कुठं गेल्या रे?" तू म्हणालास, "अबे, फ्रेमीत बसत नव्हता, म्हनून कडचं कापलं. काऊन एवढा तापून राह्यला?"

कापायला कड बरी सापडते तुम्हाला. तुझा बाप अखंड राहिला, राम. त्यांनी एक पाटी उचलली नाही, हे म्हातारीने तिथेच सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा तू हार मोजण्याचं नाटक करत होतास. मला तुझी चीड आली, अजून येते.

पण भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. काल अन्नपूर्णाबाई गेल्या. मातीवरून आत्ताच आलो. "कापलेली पट्टी सापडली का रे?" म्हणून त्या रोज फोन करायच्या. फ्रेमवाल्याला विचार, ग्रामपंचायतीमागचा उकिरडा बघ, आणि सापडली तर पाठव. पाचांतली माझी माय कोणती हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. मी पाचही जणींना भिंतीवर लावीन आणि रोज पाच फुलं वाहीन. एक तरी तिला पोचेल.

तुझाच म्हणायची सवय अजून न मोडलेला,
अश्वजित