पळस, धायटी आणि वरोऱ्याचे पाहुणे

सावली
२८ फेब्रुवारी २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जाऊन आले. गर्दी फार होती, पण दर्शन मनासारखं झालं. तू जंगलात एकटी फिरतेस म्हणून देवापुढे तुझंही नाव घेतलं.

मागच्या पत्रातली फुलं पोचली. पळस काळवंडला, धायटी मात्र जशीच्या तशी लाल आहे. तू फोनवर फोटो पाठवतेस, पण तो बोटानं मोठा केला की फूल नुसतं पसरतं. हातात धरलेल्या फुलावरून टाका ठरवता येतो. तेव्हा पत्रच लिहीत जा.

कपाटातली जाड पांढरी चादर एका बाजूनं विरली होती. चांगला भाग कापून त्याचंच टेबलावर घालायचं कापड भरायला घेतलं आहे. नवीन फक्त दोऱ्याच्या लड्या आणल्या. धायटीला साखळी टाका घातला आहे, पळसाला भरीव.

आता तुझ्या बाबांची गोष्ट ऐक. मागे सावलीला आले तेव्हा भाऊंनी हे कापड पाहिलं होतं. काल राजुऱ्याहून त्यांचा फोन आला का, वरोऱ्याचे पाहुणे रामनवमीच्या आसपास तुझ्यासाठी येत आहेत. वणव्याच्या दिवसांत तुला रजा मिळणार नाही, तर निदान मुलीच्या हातचं काही घरात दिसलं पाहिजे. कापड भाऊंच्या घरी टेबलावर घालायचं आणि पोरीनं भरलं म्हणून सांगायचं. मी म्हटलं, भाऊ, तिला तर शर्टाची गुंडीही लावता येत नाही. तर म्हणे, तुला कोण विचारते, तू फक्त गप बस. आपल्याकडे सगळेच असं करतात, भिंतीवरचे मोर काय त्या त्या पोरींनीच भरलेले असतात?

सगळे करतात हे खरं आहे. पण मला ते रुचलं नाही. भावाला एकदम नाहीही म्हणवत नाही. कापड देते म्हटलं, खोटं बोलणार नाही म्हटलं. गप बसेन एवढंच कबूल केलं. तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

तब्येतीला जप, पाणी उकळून पी. माया आहेच, तुझ्याकडूनही आटू देऊ नकोस.

तुझी आत्या,
रंभा


हेमलकशाच्या पुढे, वनरक्षक नाका
१२ मार्च २०२५

ती. सौ. रंभाआत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र एस. टी.च्या कंडक्टरनं आणून दिलं. त्यानं पाकिटाचा वास घेऊन विचारलं का म्हणे यात खायचं काही आहे काय.

सोबत गणेरचं पिवळं फूल आणि कुड्याची कळी ठेवली आहे. मोहफूल पाकिटात कुजेल, म्हणून त्याचं चित्र काढलं. चित्र पाहून हसशील, हस. तो लसूण नाही, मोह आहे.

इथं मोह वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. परवा आम्ही पाला झोडपत दुपारभर आगीमागे पळालो. भुवया थोड्या जळल्या, आईला सांगू नको. नंतर सुकरीबाईच्या अंगणात बसून गावातल्या बायकांना समजावलं का, पेटवू नका, झाडून घ्या. सुकरीबाई म्हणाली, झाडू सरकार देते का तू? दिले ना मग! आता दोन मोहांखाली झाडून वेचणं सुरू आहे. ही नोकरी मला माझ्या हातासारखी वाटते, आत्या.

म्हणून सांगते. मी लग्नाला नाही म्हणत नाही. पण त्या कापडामागे ते लोक जी मुलगी पाहतील, ती घरात बसून टाके घालणारी असेल. मग पुढे सोपंच आहे. एवढी घरबशी पोर, हिला जंगलात काऊन ठेवता, सोडून दे म्हणा नोकरी. त्या वेळी मी ओरडून सांगितलं तरी उशीर झालेला असेल. तू गप बसलीस तर ते खोटं तुझ्याच सुईनं शिवलेलं राहील. रागावू नकोस, तुझीच भाची आहे, तोंड तुझंच घेतलं आहे.

घरच्यांना नमस्कार. आठवण ठेव, आणि रागावलीस तर रागाचं तरी पत्र टाक.

तुझी,
मयुरी


सावली
८ एप्रिल २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद, आणि भुवयांनाही.

रागावले होते. तुझं पत्र डब्यात घालून ठेवलं. पूजा करताना सारखं त्या डब्याकडेच लक्ष जायचं. शेवटी ठरवलं का, वेळेवर देव सुचवेल ते करीन.

रामनवमीच्या आदल्या दिवशी राजुऱ्याला गेले. कापड टेबलावर घातलं तेव्हा खरंच उठून दिसलं. तुझा लसूण गाठीच्या टाक्यानं भरला आहे, एका बाजूनं गळून पडल्यासारखा. पाहुणे आले. मुलगा प्रफुल, त्याचे वडील, आई. तुझ्या आईनं चिवड्याच्या बश्या मांडल्या. मुलाच्या आईनं कापडावरून हात फिरवला आणि भाऊंना विचारलं का, पोरीनं भरलं? भाऊ म्हणाले, हो, तिलाच नाद आहे. मी खाली पाहत होते.

मग ती बाई खूश होऊन म्हणाली, एवढा नाजूक हात आहे, हा का आग विझवायचा हात आहे? लग्नानंतर राजीनामा देईल, घरी बसून असंच भरत जाईल, आम्हाले नोकरीची गरज नाई. भाऊ म्हणाले, तसंच करू.

तू लिहिलं होतंस तसंच, शब्दाला शब्द. मयुरी, मला वाटलं मीच तुला त्या चादरीत गुंडाळून देत आहे.

उठले. बश्या एकेक उचलून खिडकीत ठेवल्या. मुलाच्या वडिलांच्या हातातली बशी त्यांच्याच हातात राहिली. कापड ओढून घेतलं, घडी केली आणि सांगितलं का, हे मी भरलं. सावलीच्या रंभानं. आमच्या पोरीला गुंडी लावता येत नाही. ती जंगलात आग विझवते, तेच तिचं काम आहे आणि ती ते सोडणार नाही. हे चालत असेल तर चिवडा खा, नसेल तरी खा, तुमच्यासाठीच केला आहे.

प्रफुलला हसू आलं, त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं, ते हसू गेलं. पाहुणे चहा न घेता गेले. भाऊ म्हणाले, पुन्हा या घराची पायरी चढू नको. तुझी आई भांडी घासत होती, मागं वळली नाही. निघताना मात्र तिनं माझ्या पिशवीत चिवडा बांधून टाकला. भरपूर होता.

आज सकाळी भाऊंचा फोन. म्हटलं, माफ केलं असेल. कसचं काय! आता मूल गावचे दुसरे पाहुणे पुढच्या महिन्यात येणार आहेत म्हणे. कुणासोबत कापड तेवढं पाठवून दे, तू नको येऊ. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि सुईत लाल दोरा ओवला. कापडाची जी बाजू टेबलावरून खाली लोंबते, तिथं ठळक अक्षरांत 'रंभा, सावली' भरायला घेतलं आहे. आता कुणीही पाहुणा बसला की माझं नाव थेट त्याच्या गुडघ्यावर येईल.

पळस संपायच्या आत आणखी दोनचार फुलं पाठव. तुझा जीव माझ्यावर असाच राहू दे, भाऊंचा यायचा तेव्हा येईल.

तुझी,
रंभाआत्या