माझ्या घड्या

प्रिय ताई,

महिनाभर माझं सगळं करून तू काल परत गेलीस आणि मला हायसं वाटलं.

अर्धांगवायूनं माझा उजवा हात लुळा पडला, तेव्हा थेरपीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, घरातलं एक काम तुमचं स्वतःचं ठेवा. मी टॉवेलच्या घड्या घेतल्या. टोक दातात धरून, डाव्या हातानं, घामाघूम होत. माझी पाठ वळली की तू त्या मोडून पुन्हा घालायचीस. वर "राहू दे गं, मी आहे ना." डोकं उठायचं माझं.

काल तू गेल्यावर सगळ्या टॉवेलांच्या घड्या मोडून मी पुन्हा माझ्या घातल्या. आज कपाट उघडलं तर एकही घडी सरळ नव्हती. कितीतरी वेळ बघत उभी राहिले.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू धावत येशील आणि आधी कपाट आवरायला घेशील.

तुझी,
आता डावखुरी झालेली धाकटी