अण्णांच्या ट्रकचं अपसव्य

ब्रह्मा घाट, काशी
हरतालिका, संध्याकाळ

तीर्थस्वरूप वेणीमाधवदादांस,

प्रल्हादचा, कंबर जेवढी वाकते तेवढा, साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी चहातली साखर सोडल्याचं कळलं (पेढ्यांचं काय झालं, हे विचारत नाही). फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "प्रल्हाद, तो ट्रक भंगारात दे" एवढं बोलून ठेवून देता. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि वहिनी ते फाडू देणार नाहीत.

तर विषय अण्णांच्या ट्रकचाच आहे. पहाटे घनपाठ आणि दुपारी मालवाहतूक करणारा दुसरा वैदिक काशीत झाला नसेल. लष्कराच्या लिलावातला तो पेट्रोलचा ट्रक त्यांनी आपल्यापेक्षा जास्त लाडात वाढवला (तुमचं नाव ते कधीकधी विसरत, त्याचा नंबर कधीच विसरले नाहीत). अण्णा गेले, तुमचं येणं थांबलं, आणि ट्रक मच्छोदरीच्या अहात्यात, कुंपणाच्या आत, उभा राहिला तो राहिलाच. मागच्या वर्षी आपल्या मंडळाचा गणपती विसर्जनाला टोटोवर निघाला. बॅटरीवरची रिक्षा ती, निम्म्या वाटेत तिचं चार्जिंग संपलं. मग गणपती वर बसलेला आणि भक्त मागून ढकलताहेत, असा सोहळा सगळ्या बाजाराने पाहिला. यंदा मंडळाचा नवा सेक्रेटरी निनाद म्हणाला, "काका, हरतालिकेपर्यंत ट्रक स्टार्ट झाला तर ठीक, वरना ट्रॅक्टर आणि डीजे पक्का." अण्णांच्या ट्रकवर जो बाप्पा इतकी वर्षं मंत्रपुष्पांजली ऐकत गेला, तो आता डीजेवर जाणार!

मिस्त्रीला दाखवलं. त्याने बॉनेट उघडलं, तोंडातलं पान सांभाळत "गुरुजी, एके अजायबघर में धर आवा" म्हणाला (म्हणजे, नेऊन ठेवा संग्रहालयात) आणि बॉनेट लावून टाकलं. मग मीच हात घातला. दोष डिस्ट्रिब्यूटरचा होता. (वहिनींसाठी सांगतो: डिस्ट्रिब्यूटर म्हणजे इंजिनातला वाढपी. मधला रोटर गोल फिरतो आणि सहा सिलिंडरांच्या पंगतीत ज्याच्या त्याच्या पाळीला ठिणगी वाढतो.) कॅपला तडा गेलेला, पॉइंट जळलेले, रोटरची पितळी जीभ झिजलेली. आमच्या मैत्रेयीने मोबाइलवरून नवे भाग मागवले. प्रभावतीने कॅपला हळदकुंकू वाहिलं, तेही बाहेरून, मी आडवा पडलो म्हणून. पॉइंटमधली फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याएवढी ठेवायची, असं अण्णा सांगत. आता घरात लायटर आहे, काडेपेटी कुठून आणू? तुमच्या व्याह्यांकडून आलेल्या लग्नपत्रिकेचा कोपरा कापला आणि तो बरोबर बसला (पत्रिका फार सुरेख होती, लग्नाला येता आलं नाही त्याची क्षमा असावी).

आता कॅपमधून सिलिंडरांकडे जाणाऱ्या जुन्या वायरी मी उत्साहाच्या भरात सगळ्या एकदम उपटल्या, खुणा न करता. पण काळजी नव्हती. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा ठिणगीचा क्रम अण्णांनी आपल्याकडून स्वर लावून पाठ करून घेतला होता ना! तोच म्हणत पहिली वायर जागेवर लावली आणि पुढच्या पाच ओळीने, अर्थातच प्रदक्षिणेच्या दिशेने. देवळात, तुळशीभोवती, होमाभोवती, जन्मभर आपण त्याच अंगाने फिरलो. हाताला दुसरी दिशाच माहीत नाही.

मैत्रेयीने स्टार्टर दाबला. सायलेन्सरमधून तोफेसारखा बार निघाला! ट्रकच्या सावलीत कायमचा मुक्काम ठोकलेला सांड उठून जो गेला, तो अजून परतलेला नाही. माकडांनी हातातलं कुणाचं तरी वाळवण टाकून दिलं. निनादने तिथेच उभ्या उभ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, आणि मी काळं तोंड घेऊन (खरंच काळं झालं होतं) ट्रकच्या पायरीवर बसलो.

जेवण गेलं नाही. शेवटी कॅप काढून मैत्रेयीला पुन्हा स्टार्टर मारायला सांगितलं आणि रोटरकडे पाहत राहिलो. ती खिडकीतून डोकावून ओरडली, "बाबा, हे तर उल्टं घुमतंय!" दादा, आपल्या अण्णांच्या ट्रकचा रोटर अपसव्य फिरतो! वाढपी डावीकडून चाललाय आणि मी पानं उजवीकडून मांडलेली.

कारण कळलं, पण हात धजेना. गणपतीची गाडी, मंगलकार्य, आणि वायरी उलट्या? प्रभावतीला विचारलं. हरतालिकेचा उपास, त्यामुळे तिचं उत्तर थोडक्यात आलं: "महादेवाला प्रदक्षिणा घालताना सोमसूत्राच्या पन्हळीपासून उलटे फिरता ना? मग त्याच्याच गावात लाजता कशाला?" मला आणखी एक सुचलं. अपसव्य असतं ते पितरांसाठी, आणि ट्रक तर अण्णांचा. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, अण्णांचं नाव घेतलं आणि एक-पाच-तीन-सहा-दोन-चार डावीकडून लावलं. मग गणपतीसाठी जानवं पुन्हा सव्य केलं आणि मैत्रेयीला खूण केली.

दादा, पहिल्याच दमात सुरू झाला! तोच आवाज, अण्णा गल्लीच्या तोंडाशी आले की आईला भात वाढायला घ्यायला लावणारा. निनादने ट्रॅक्टर रद्द केला. मंडळाने माझा सत्कार ठरवला आहे, नारळ आणि शाल.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, व्याह्यांना पत्रिकेबद्दल काही सांगू नये.

आपला, अजून काळ्या हातांचा,
प्रल्हाद

ता. क. एक बारीक अडचण आहे. ट्रक चालू होतो, पण चालवणार कोण? मला स्कूटरपलीकडे काही येत नाही. बाहेरचे ड्रायव्हर त्याचा गिअर पाहून हात जोडतात. अण्णांनी तो फक्त तुम्हाला शिकवला होता. अनंत चतुर्दशीला या. क्लच जड आहे, पण तो डाव्या पायाने दाबायचा असतो आणि तुमचा दुखरा गुडघा उजवा आहे, हे मी वहिनींना विचारून घेतलं आहे.

आणखी ता. क. तुम्ही येणार, असं मंडळात सांगून झालं आहे.

दादा, प्रभावतीचा नमस्कार. हे देवापुढे दिवा लावायला गेलेत तेवढ्यात लिहिते. ट्रक सुरू झाल्यावर मैत्रेयी बंद करायला गेली, तर यांनी किल्लीवर हात ठेवला. पेट्रोल संपेपर्यंत चाकाशी बसून ऐकत होते. तोंड काळं झालं ते त्या बाराने, पण धुतलं गेलं ते पाण्याने नव्हे. या.